पेट्रोलचा काटा खोटा का ठरतो?

आपल्या ट्रस्टच्या जुन्या रुग्णवाहिकेची एक हकीकत प्रथम सांगावयास हवी. पावसाळ्यातील एका रात्री हरणीहून एका वृद्ध बाईंना सयाजी रुग्णालयात नेत असता गाडी वाटेतच बंद पडली. काटा अर्ध्यावर; टाकी मात्र कोरडी! बाईंना रिक्षाने न्यावे लागले. त्या सुखरूप घरी परतल्या. परंतु दुसऱ्याच दिवशी कुजबूज सुरू झाली, की ड्रायव्हरनेच पेट्रोल काढून विकले असावे. खरे सांगावयाचे तर क्षणभर आम्हांसही तसेच वाटले. मग वर्गात विद्युत्‌मंडल शिकविणाऱ्या आम्हांस स्वतःची लाज वाटली. माणसाची परीक्षा घेण्यापूर्वी काट्याची घ्यावी, असे आम्ही ठरविले.

ह्या काट्याची रचना साधी आहे. टाकीत एक हलका फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. पेट्रोल कमी-जास्त झाले, की त्याची दांडी खाली-वर होते व तारेच्या वेटोळ्यावरून एक पत्ती सरकते. त्यामुळे विजेच्या प्रवाहास होणारा रोध बदलतो. तेथून एक तार ड्रायव्हरसमोरील मीटरकडे जाते आणि मंडल गाडीच्या पत्र्यातून पुरे होते. ह्यालाच 'अर्थ' म्हणतात. तेव्हा संशयित चारच: मीटर, तार, फ्लोट आणि अर्थ.

परीक्षा अशी करावी. चावी बंद करून टाकीवरील तार सोडवावी व तिचे टोक मोकळे ठेवावे. चावी लावली, की बहुतेक जुन्या गाड्यांत काटा रिकाम्या खुणेवर जातो. पुन्हा चावी बंद करून त्या टोकास दुसरी तार जोडावी, ती टाकीपासून दूर स्वच्छ पत्र्यास घट्ट बांधावी आणि मग चावी लावावी. आता काटा भरलेल्या खुणेकडे चढू लागेल. चढू लागताच चावी बंद करावी. अधिक वेळ ठेवल्यास मीटर जळण्याचा संभव असतो. काही गाड्यांत ह्याच्या उलट घडते. काटा दोन्हीकडे हलला, तर मीटर व तार निर्दोष. दोष टाकीतील फ्लोटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. मुळीच हलला नाही, तर फ्यूज, तार व मीटर पाहावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पेट्रोलच्या वाफेस एक ठिणगी पुरते. म्हणून जोडणी नेहमी चावी बंद असतानाच करावी, जवळ कोणी विडी ओढू नये, आणि फ्लोट उघडण्यापूर्वी गाडी मोकळ्या हवेत उभी करून बॅटरी सोडवावी.

आपल्या गाडीचा काटा दोन्हीकडे हलला. मेस्त्रीने फ्लोट बाहेर काढला, तो त्याची दांडी सांध्याशी गंजून अर्ध्यावरच अडकलेली! ड्रायव्हर निर्दोष ठरला. आम्ही त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मास्तर, हे आधी का नाही पाहिलंत?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हरणीच्या विमानतळावरील विमाने पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आणखी एक हकीकत सांगतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाचे इंधनमापक बंद होते. म्हणून टाकीतील इंधन पट्टीने मोजले. पण हिशेबात किलोग्रॅमऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला. हवे होते २२,३०० किलोग्रॅम. भरले गेले त्याच्या निम्म्याहूनही कमी. आकाशात दोन्ही एंजिने बंद पडली. वैमानिकांनी गिम्ली येथील जुन्या हवाई तळावर विमान तरंगत उतरविले व सर्वच्या सर्व ६९ जण वाचले. काटा बिघडल्यास दुसरे माप हवे, आणि तेही बिनचूक हवे, हा त्यातील धडा.

आता आपल्या रुग्णवाहिकेत एक वही असते. प्रत्येक वेळी भरलेले लिटर व मीटरवरील किलोमीटर तीत लिहिले जातात. वही व काटा ह्यांचे जमेनासे झाले, की गाडी त्याच दिवशी तपासली जाते. आपल्या घरच्या जुन्या गाडीतही सभासदांनी अशी वही ठेवावी. आणि कोणा गरिबावर ठपका ठेवण्यापूर्वी ही दहा मिनिटांची परीक्षा अवश्य करून पाहावी.