घरची खाणावळ व तिचा हिशेब

तालुक्याच्या गांवीं गाळा भाड्यानें घ्यावा, घरचें धान्य व भाजीपाला वापरून खाणावळ चालवावी आणि शेतीस जोड द्यावी, असा विचार अनेक शेतकरी कुटुंबांत होत असतो. विचार वाईट नाहीं. मात्र ‘ज्वारी घरची, हात घरचे, मग तोटा कोठून येणार?’ या समजुतीवर उभ्या राहिलेल्या धंद्यांत तोटा शिरतो, आणि तो दिसत नाहीं.

सोयीचे अंक घेऊन पाहूं. रोज 40 ताटें, ताटास 90 रुपये, महिन्याचे 26 दिवस. म्हणजे 1,040 ताटें व 93,600 रुपये जमा. घरच्या मालास तो विकून हातीं पडला असता तो भाव धरून ताटामागें 45 रुपयांचा जिन्नस लागला, तर 46,800. गाळ्याचें भाडें 10,000. गॅस व वीज 9,000. एका गड्याचा पगार 12,000. एकूण 77,800. शिल्लक 15,800. आतां त्या 45 पैकीं 10 रुपयांचा जिन्नस घरचा म्हणून खर्चीं घातलाच नाहीं, तर शिल्लक 26,200 दिसते. हे जादा 10,400 रुपये खाणावळीनें मिळविले नाहींत, शेतानें मिळविले.

उरलेले 15,800 हाही निव्वळ नफा नव्हे. पहांटे पांचापासून रात्रीं दहापर्यंत राबणाऱ्या पतिपत्नीची ती मजुरी होय. माणशीं रोज सुमारें 304 रुपये. गांवच्या शेतमजुरीशीं हा आंकडा ज्यानें त्यानें ताडून पाहावा. बहुतेक वह्यांत घरच्या स्त्रीच्या श्रमाचें खातेंच नसतें!

खरा घात उधारी करते. चौथाई गिऱ्हाईक महिनेवारी असेल तर महिनाअखेर 23,400 रुपये बाहेर राहतात. वाणी मात्र थांबत नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत कामगारांस जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांची हीच अडचण होती. पगार होईतों धान्य उधार, तेंही व्याजानें. 1975 सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें, तेव्हां तो फेरा सैल झाला.

भांडवलासाठीं सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ सदरांत बोजा चढवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. महसुली दप्तरांत हयात गेल्यामुळें हें लिहितों. धंदा बसल्यास गाळा सोडतां येतो. बोजा तसा उतरत नाहीं.

2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालीं लहान खाणावळीसही नोंदणी लागते. घरगुती 14.2 किलोचें सिलिंडर तेथें चालत नाहीं, 19 किलोचें व्यापारी घ्यावें लागतें.

राहिला सुगीचा प्रश्न. काढणीसाठीं खाणावळ आठ दिवस बंद ठेविली तर महिनेवारी गिऱ्हाईक दुसरीकडे जातें. चालू ठेविली तर शेतावर मजूर लावावे लागतात. ही मजुरी कोणत्या खात्यावर पडावी, हें भावाभावांनीं गाळ्याची अनामत भरण्यापूर्वींच लिहून ठेवावें.