दगडाची भुकटी, काळी माती आणि हवेतील कार्बन

हवामान बदलले आहे, हे बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. पावसाचा खंड आणि अवकाळी गारपीट यांची किंमत तो मोजतच असतो. कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे हवेत साठत चाललेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू हे या बदलाचे मुख्य कारण होय. १९५८ साली हवाई बेटावर त्याचे नियमित मोजमाप सुरू झाले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. नवा धूर कमी करणे हा पहिला उपाय आहेच. परंतु हवेत गेलेला वायू परत काढण्याचेही प्रयत्न चालू असून, दगडाची बारीक भुकटी शेतात पसरणे हा त्यांपैकी एक आहे. हा दगड म्हणजे आपल्या पायाखालचा काळा पाषाण, बेसाल्ट. म्हणून या विषयाची माहिती आपल्या बांधवांना असावी, एवढ्याच हेतूने आम्ही हे लिहीत आहोत.

दगड वायू कसा धरतो?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर पसरला आणि दख्खनचे पठार तयार झाले. आपला बालाघाट त्याचाच भाग. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळतो व सौम्य आम्ल तयार होते. पिकांच्या मुळांच्या श्वसनाने मातीत हा वायू अधिकच असतो. हे आम्ल दगडातील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोडविते आणि वायूचे रूपांतर बायकार्बोनेट नावाच्या क्षारात होते. तो क्षार पाण्याबरोबर बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा यांतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातो. तेथे तो हजारो वर्षे टिकतो. मागे उरते ती आपली काळी माती. निसर्गाचे हे काम फार संथ आहे. दगड दळून बारीक केला की पाण्याला भिडणारा त्याचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो व काम लवकर होते. सर्व कल्पना एवढ्यावरच उभी आहे.

अन्यत्र काय झाले?

२०२० साली इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह असा अंदाज मांडला की, या मार्गाने जगात दरवर्षी ५० कोटी ते २०० कोटी टन वायू काढता येईल. आणि त्यात भारत, चीन, अमेरिका व ब्राझील यांचा वाटा मोठा असेल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मका व सोयाबीनच्या शेतात चार वर्षे हेक्टरी ५० टन भुकटी दरवर्षी टाकली गेली, तेव्हा उत्पादन १२ ते १६ टक्क्यांनी वाढल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या देशात छत्तीसगड व मध्य प्रदेशातील भात उत्पादकांच्या शेतांत 'माटी कार्बन' ही संस्था हे काम करते. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिला 'एक्सप्राइझ' स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले.

आपल्या जिल्ह्याचे काय?

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. भुकटी लवकर विरघळण्यास तीन गोष्टी लागतात: उष्णता, भरपूर पाणी आणि आम्लयुक्त माती. उष्णता आपल्याकडे आहे. पाऊस मात्र बेताचा, आणि तोही खंड पडत येतो. आपली काळी माती बहुधा आम्लयुक्त नसून उलट बाजूची, म्हणजे अल्कधर्मी आहे. ती मुळात बेसाल्टचीच असल्याने कॅल्शियमची तिला सहसा वाण नसते. जमीन खणताना चुनखडीचे पांढरे खडे निघतात, हे सर्वांनी पाहिले आहे. बायकार्बोनेट समुद्रास न जाता मातीतच अशी चुनखडी झाली, तर धरलेल्या वायूपैकी निम्मा पुन्हा हवेत जातो. म्हणून धानाच्या ओल्या, आम्लयुक्त जमिनीतील लाभ आपल्या कोरडवाहू कपाशीस तसाच मिळेल, असे समजू नये.

आपल्याकडे तलावातील गाळ हलक्या रानात टाकण्याची जुनी रीत आहे. २०१७ पासून शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाही आली. गाळाने ओल टिकते व जमीन सुधारते. पण गाळ म्हणजे आधीच झिजलेला दगड, त्यामुळे भुकटीशी त्याची गल्लत करू नये.

जमा आणि नावे

बँकेतील नोकरीमुळे आम्हांस प्रत्येक गोष्टीत जमा आणि नावे अशा दोन बाजू पाहण्याची सवय आहे. हेक्टरी ५० टन म्हणजे एकरी २० टन. ट्रॉलीत चार टन धरले, तर एकरी पाच ट्रॉल्या. तीन ते चार टन बेसाल्ट पूर्ण विरघळला, तर सुमारे एक टन वायू धरला जातो, आणि त्यासही वर्षानुवर्षे लागतात. दळण्याची वीज, वाहतुकीचे डिझेल यांचा धूर त्यातून वजा करावा लागतो. खाणीपासून शेत दूर असेल, तर जमा बाजूस थोडेच उरते.

अशा धरलेल्या वायूचे प्रमाणपत्र आज मोठ्या कंपन्या पैसे मोजून घेतात. उद्या कोणी करारपत्र घेऊन आपल्या गावी आले, तर सही वा अंगठा देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. भुकटीचे व वाहतुकीचे पैसे कोण देणार? तिच्यात निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण तपासले आहे काय? माती व पाणी कोण मोजणार? मिळणाऱ्या रकमेत शेतकऱ्याचा वाटा लेखी आहे काय? माती परीक्षणाचा अहवाल हाती असावा आणि कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. असा पैसा सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्याकडे जाणार. बटईने कसणारा, गायरान पिढ्यान्पिढ्या कसूनही नावावर न झालेला आणि भुकटी पसरणारा मजूर यांचे काय? धूळ त्यांच्याच छातीत जाणार. तेव्हा भुकटी ओली करूनच पसरावी, तोंडास मास्क द्यावा आणि करारात कसणाऱ्याचाही हिस्सा असावा, हा आग्रह पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी असे करारपत्र गावात बसून मोठ्याने वाचून दाखवावे. एवढे झाले, तरी पुष्कळ होईल.