टाकसाळीची चूक की रुळावरचा मार?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आपल्या वस्त्यांत सध्या चिल्लर तपासण्याचे वेड शिरले आहे. भाजीवालीने परत दिलेले दोन रुपये असोत की कंडक्टरने हातावर ठेवलेला पाचाचा ठोकळा, तो मोबाईलवरच्या चित्राशी ताडून पाहिला जातो. पाहायला हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. नाण्याचा फोटो पाठवला की पलीकडून गोड आवाजात फोन येतो, "ताई, तुमचं नाणं पास झालं. पाच लाख मिळणार. फक्त नोंदणीचे साडेसातशे भरा." साडेसातशे भरले की कर, कर भरला की विमा. रांजणगावच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटावर राबणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका भगिनीचा अख्खा पगार असा गेला. नाणे अजून तिच्या डब्यात आहे आणि त्याची किंमत एक रुपयाच आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते की, जुनी नाणी-नोटा खरेदी करण्याच्या व्यवहारात बँक पडत नाही, कसली फी वा कमिशन मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार तिने दिलेला नाही. ही सूचना आपल्या घराघरांत पोचलीच नाही, चित्रे मात्र पोचली.

तेव्हा नाण्यातली खरी चूक ओळखायची कशी, हे आपणच शिकून घेतलेले बरे. त्यासाठी नाणे कसे तयार होते ते पाहावे. प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्या तापवून नरम करतात, त्यांची कड उचलतात आणि मग वरचा व खालचा अशा दोन ठशांमध्ये एकाच दाबात छापा-काटा उमटवतात. त्या वेळी चकती भोवतीच्या कड्यात बसलेली असते, म्हणून नाणे नेमके गोल येते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार सरकारी टाकसाळींत असा कोट्यवधी नगांचा माल निघतो. कोणत्याही कारखान्यासारखा इथेही रिजेक्ट माल निघतो आणि त्यातला एखादा नग तपासणीतून निसटतो. तीच खरी चूक. टाकसाळीच्या दारातून नाणे बाहेर पडल्यानंतर त्याला जे काही झाले, ती चूक नव्हे, तो मार.

आता मार कसा असतो ते दौंडकरांना सांगायला नको. जंक्शनच्या गावात रुळावर नाणे ठेवून गाडी जाऊ दिली नाही असा मुलगा विरळा. (हा खेळ जिवावर बेततो, आईबापांनी तो बंदच केला पाहिजे.) असे नाणे पसरट, लांबोडके होते, अक्षरे फिसकटतात, कड धारदार होते. आता टाकसाळीत कड्याबाहेर दाबले गेलेले नाणेही पसरट असते. पण त्याची अक्षरे ठसठशीत असतात आणि त्याचा विस्तार सगळीकडे सारखा असतो. भीमेच्या पुलावरून गाडी जाताना लोक पात्रात पैसे टाकतात. नदी काही ते पैसे खर्च करीत नाही! पोरे ती नाणी पुढे काढतात. ती काळी, खडबडीत, झिजलेली असतात. कुरकुंभच्या कारखान्यांत रसायनाचा थेंब पडलेले नाणे रंग बदलते आणि पातळ होते. भोक पाडून गळ्यात घातलेले, वॉशर म्हणून वापरलेले, हातोडीने ठोकलेले, हा सगळा मारच.

एक खूण मनात पक्की धरावी. नाण्यावर उंच आलेली रेघ दिसली तर थांबून पाहावे. ठशाला तडा गेला की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ही टाकसाळीची. आत गेलेली रेघ बहुधा ओरखडा असतो आणि ती खिशातली.

नाण्याचा तुकडा चंद्रकोरीसारखा कापलेला असेल तर समोरची कड पाहावी. चकती कापतानाच यंत्र आधीच्या भोकावर आले असेल, तर कापाच्या बरोबर समोर कड अशक्त, पुसट उठते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड धडधाकट असते आणि कापावर कानशीच्या रेघा दिसतात. चित्र एका बाजूला सरकून उरलेला भाग कोरा राहिला असेल, तर तो सरकलेला छाप. कोरा भाग खरोखर कोरा हवा, घासून गुळगुळीत केलेला नव्हे. आरशातल्यासारखी उलटी, आत गेलेली अक्षरे दिसली तर जास्त सावध राहावे. खऱ्या चुकीत एक संपूर्ण बाजूच तशी असते, कारण आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिलेले असते. दोन नाणी पकडीत दाबून केलेल्या लबाडीत मूळचे चित्रही खाली चेपलेले सापडते.

फिरलेला ठसा तपासणे सर्वांत सोपे. नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटा. मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती आडवी वा उलटी दिसली तर ठसा फिरलेला आहे.

सराफाच्या काट्यावर वजनही करून घ्यावे. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम, दोनाचे नाणे ४.८५, पाचाचे ६ ग्रॅम भरते. २०१९ च्या मालिकेतला रुपया मात्र ३.०९ ग्रॅमच आहे. तो लहान आहे म्हणून चुकीचा ठरत नाही. पुण्यात राहणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी हजारो प्राचीन नाणी तराजूत तोलूनच त्यांचा इतिहास उलगडला होता.

ज्यांना लोक चूक समजतात, पण जी चूक नाही, अशीही नाणी पुष्कळ आहेत. सालाखाली खूण नाही म्हणून काहीजण हुरळून जातात. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाची टिंब, आणि कोलकात्याची खूणच नसते! दहाच्या नाण्यावर रुपयाचे चिन्ह नाही म्हणूनही ते खोटे वा दुर्मिळ होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले होते की दहाच्या नाण्याचे तोवर १४ नमुने निघाले आहेत आणि सगळे चलनात आहेत.

बाबासाहेबांच्या मुद्रेच्या नाण्यांबद्दल तर फार भूलथापा चालतात. १९९० चा रुपया आणि ६ डिसेंबर २०१५ रोजी प्रकाशित झालेले दहाचे नाणे आपण प्रेमाने जपून ठेवतो, ठेवावे. पण ती व्यवहारासाठी भरपूर पाडलेली नाणी आहेत, त्यांना कोणी लाख देणार नाही. त्याच दिवशीचे १२५ रुपयांचे नाणे संग्रहासाठी होते, ते गल्ल्यात येत नाही. ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष दिली, त्यांच्याच मुद्रेच्या नावाने आपल्या माणसांना लुबाडले जावे, याचा आम्हाला संताप येतो.

आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमग्गात नाण्याचाच दृष्टान्त दिला आहे. लहान मूल नाण्याचा रंग-आकार पाहते; खेड्यातला माणूस त्याने व्यवहार होतो एवढे जाणतो; सराफ मात्र खरे कोणते, खोटे कोणते आणि कोणत्या गावी कोणी घडवले तेही सांगतो. पहिली संज्ञा, दुसरे विज्ञान, तिसरी प्रज्ञा. ऐकीव आहे म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले, ते याच तिसऱ्या माणसासाठी.

खरेच चुकीचे नाणे हाती आले तर ते चिंच-राखेने घासू नये. घासल्याने त्याची किंमत जाते. कडेला धरून कागदी पाकिटात ठेवावे आणि पुण्या-मुंबईतील नाण्यांच्या प्रदर्शनात दोन-तीन व्यापाऱ्यांना समक्ष दाखवावे. बहुतेक चुकांना शेकड्यांत आणि क्वचित हजारांत दाम मिळतो. घेणारा पैसे देतो, मागत नाही. फोनवर फी भरून फसलेल्यांनी लाजून घरी बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक असते. आणि राहिलेली दहाची नाणी दुकानदार घेत नसेल, तर ती बँकेत भरावीत. बँकेला ती नाकारता येत नाहीत.