गुरं चरतात म्हणून फुलणारा माळ

स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्याला लागून, बाल्टिक समुद्रात ओलांड नावाचं लांबट, चिंचोळं बेट आहे. त्याच्या दक्षिण भागात सुमारे २६० चौरस किलोमीटरचा ‘स्तूरा आल्वारेत’ हा माळ पसरलेला आहे. झाडं विरळ, क्षितिजापर्यंत सगळं सपाट. पाहणाऱ्याला वाटतं, इथं माणसाचा हात लागलेलाच नाही. पण युनेस्कोनं २००० साली दक्षिण ओलांडला जागतिक वारसा यादीत घेतलं, ते शेतीनं घडवलेला प्रदेश म्हणून.

या माळाखाली ऑर्डोव्हिशिअन काळातला, चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला चुनखडक आहे. हिमयुगातल्या बर्फानं त्याचा माथा घासून काढला. वर माती उरली ती कुठे चार बोटं, कुठे तीही नाही. हिवाळ्यात खळग्यांत पाणी साचतं, उन्हाळ्यात तोच माळ कोरडा ठणठणीत होतो. थंडीत ओली माती गोठून फुगते, वर उचलली जाते आणि कोवळ्या रोपांची मुळं तुटतात. अशा जागी चिवट, ठेंगण्या वनस्पतीच टिकतात. हेलिअँथेमम ओलांडिकम या पिवळ्या फुलांच्या बुटक्या झुडपाचा इथला प्रकार तर जगात फक्त याच बेटावर आढळतो. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस १७४१ मध्ये उपयुक्त वनस्पतींच्या शोधात इथं येऊन गेला होता.

पण नुसत्या खडकामुळे हा माळ उघडा राहिलेला नाही; गुरांच्या चराईनंही तो उघडा ठेवला. माणूस इथं सुमारे पाच हजार वर्षांपासून राहतो आहे. मध्ययुगात गावांची घडी बसली: रस्त्याच्या कडेनं एका ओळीत घरं, चांगल्या जमिनीवर वाटून घेतलेली शेतं आणि त्यापलीकडे सगळ्या गावाचं सामाईक गायरान, म्हणजेच हा माळ. १८२७ च्या जमीन एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर स्वीडनमधली असंख्य गावं मोडली, घरं आपापल्या शेतावर गेली. दक्षिण ओलांडमधल्या घरांच्या ओळी मात्र बऱ्याच अंशी जागेवर राहिल्या.

या शेतकऱ्यांनी सोसलंही खूप. १५६९ मध्ये राजा योहान तिसरा यानं अख्खं बेट शाही शिकारीसाठी राखून ठेवलं. हरणं पिकं फस्त करत, पण शेतकऱ्याला त्यांच्यावर हत्यार उचलायची मुभा नव्हती. कुत्रा पाळायचा तर त्याचा एक पाय अधू करावा लागे! १६५३ मध्ये युवराज कार्ल गुस्तावनं दक्षिण टोकाजवळ, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत हरणांसाठी दगडी भिंत घातली. ती अजून उभी आहे. हा जाच सुटला थेट १८०१ मध्ये.

चराईचं खरं मोल मात्र गुडघे टेकून गवत पाहिल्यावर कळतं. एडी व्हान डेर मारेल आणि मार्टिन साइक्स या संशोधकांनी ओलांडच्या चुनखडी माळावर छोटे छोटे चौकोन आखले आणि त्यांतल्या वनस्पतींची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. यंदा एका चौकोनात दिसलेली वनस्पती पुढच्या वर्षी तिथून नाहीशी होते आणि वीतभर अंतरावर उगवते. जागांची अदलाबदल सतत चालू, पण माळावरच्या एकूण प्रजाती जवळपास त्याच! १९९३ मध्ये त्यांनी या प्रक्रियेला जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्याचं नाव दिलं. हा फेरा चालू राहतो, कारण गुरं गवत आखूड ठेवतात, उजेड जमिनीपर्यंत पोचतो आणि कुठल्याही एका जातीला सगळी जागा बळकावता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओलांडची माणसं मोठ्या संख्येनं अमेरिकेला गेली. विसाव्या शतकात चराई घटली आणि माळावर जुनिपरची झुडपं माजू लागली. त्यांच्या सावलीत उन्हाला चटावलेल्या ठेंगण्या वनस्पती आधी जातात. स्वीडन १९९५ मध्ये युरोपीय संघात गेल्यानंतर माळ चरता ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना तिथल्या निधीतून अनुदान मिळू लागलं, झुडपं तोडली गेली आणि गुरं माळावर परतली.

कुंपण घालून या माळाचं रक्षण होणार नाही. ओलांडच्या शेतकऱ्याला गुरं पाळणं परवडेल तोवरच तो टिकेल.