सांध्याची तार कोणती?

खामगावची चांदी प्रसिद्ध. तिथल्या कारागिराचा डाग, म्हणजे सांधा जोडणारा धातू, चांदीपेक्षा कमी उष्णतेवर वितळावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यासाठीही जोडणारी तार निवडावी लागते, पण तिथला खरा पेच वेल्डिंगनंतर सुरू होतो.

६०६१ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या सूक्ष्म कणांत असते. वेल्डिंगच्या धगीने सांध्याजवळ ती घटते. ती परत मिळवायला नग सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात विझवतात, मग १६०-१७५ अंशांवर काही तास ठेवतात. वेल्डिंगच्या नेहमीच्या ४०४३ तारेत सुमारे ५ टक्के सिलिकॉन असते, मॅग्नेशियम जवळजवळ नाहीच. पातळ पत्र्यात मॅग्नेशियम मूळ धातूतून वितळून मिसळते. जाड सांध्याच्या मध्यापर्यंत पुरेसे पोचत नाही आणि तो भाग मऊच राहतो.

तिथे ४६४३ घ्यावी. तिच्यात ०.१ ते ०.३ टक्के मॅग्नेशियम आधीच असते. सर्रास मिळणारी ५३५६ मात्र अशा कामाला नकोच.