तापीचा सैल स्वेटर



सुरतेची थंडी पाहुण्यासारखी येते आणि जाते. तरी उधन्याहून गाडी धरून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे गावी जाणाऱ्या घरांना तिकडची पहाट चांगली ठाऊक आहे. आपले गाव आणि आपले शहर जोडणारी नदी म्हणजे तापी. या हिवाळ्यात तीच नदी स्वेटरवर उतरवता येईल. भूगोल, गणित आणि विणकाम, तिन्ही विषय एकदम!

तापीची लांबी 724 किलोमीटर. मध्य प्रदेशात 282, महाराष्ट्रात 228 आणि गुजरातेत 214. आता 10 किलोमीटरला 1 सेंटिमीटर धरा. सुमारे 72 सेंटिमीटर होतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या सैल स्वेटरची उंची! खालची कड म्हणजे अरबी समुद्र, खांदा म्हणजे उगमाचे मुलताई. विणताना आपण समुद्राकडून उगमाकडे जायचे.

सैल म्हणजे किती? छाती 90 सेंटिमीटर असेल तर घेर 110 ठेवावा. आतल्या कपड्यांना जागा मिळते आणि मध्ये साठलेली हवा ऊब धरते. लोकरीची ऊब मुख्यतः या अडकलेल्या हवेचीच असते. कंबर आणि मनगटाची बॉर्डर मात्र घट्ट हवी, नाही तर ही हवा निसटते.

सुरुवातीला नमुन्याचा चौकोन विणा. आठ नंबरच्या सुयांवर 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके आणि 26 ओळी आल्या तर पुढचा हिशोब जुळेल. हात घट्ट असेल तर सुई बदलावी. पुढचा भाग 55 सेंटिमीटर रुंद, म्हणून 110 टाके. गुजरातच्या 56, महाराष्ट्राच्या 60 आणि मध्य प्रदेशच्या 74 अशा एकूण 190 ओळी. संख्या सम ठेवल्या की रंग नेहमी एकाच कडेला बदलतो.

ओळ 1 ते 16 : दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर. रंग डुमसच्या काळ्या वाळूचा. समुद्रापासून सुमारे 20 किलोमीटरवर सुरत, म्हणजे स्वेटरवर 2 सेंटिमीटर. म्हणून 5 आणि 6 या दोन ओळी गढूळ तपकिरी विणाव्यात. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला होता. आज शाळेत असलेल्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांनी या दोन ओळींच्या निमित्ताने घरच्या मोठ्यांना विचारावे की पाणी कुठवर चढले होते.

ओळ 17 ते 30 : दक्षिण गुजरातच्या उसाचा हिरवा. येथून पुढे सगळे सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट.

ओळ 31 ते 56 : निळा. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा हा जलाशय.

ओळ 57 ते 116 : खानदेशच्या काळ्या मातीचा रंग. दर दहा ओळींनंतर दोन ओळी केळीच्या पानाच्या पोपटी. या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, तेथे दोन ओळी निळ्या घ्याव्यात.

ओळ 117 ते 190 : सातपुड्याच्या सागाचा, मातकट हिरवा. शेवटच्या 20 ओळी उरल्या की मधले 22 टाके बंद करा. मग दोन्हीकडे गळ्याच्या बाजूने एकाआड एक ओळीत एक टाका, असे सहा-सहा टाके कमी करा. प्रत्येक खांद्यावर 38 टाके उरतील. पाठीचा भाग असाच, फक्त गळा शेवटच्या ओळीत 34 टाक्यांचा.

लहान मुलासाठी 15 किलोमीटरला 1 सेंटिमीटर धरा. उंची किती येईल आणि प्रत्येक राज्याच्या ओळी किती, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. टाके घालायला आजी, मावशी, आत्या शिकवतील. आणि हे काम फक्त मुलींचे नाही, मुलांनीही सुया हाती घ्याव्यात. नमुन्याचा चौकोन तयार झाला की तो आणि आपला हिशोब वर्गशिक्षकांना दाखवावा. हिशोब बरोबर निघाला की मगच लोकर आणायला बाजारात जावे.