जर्मनीला अर्ज करताय? मग ‘बायोडाटा’ विसरा!

कॅम्पससाठी केलेला सीव्ही तसाच्या तसा जर्मनीतल्या पन्नास कंपन्यांना पाठवलात आणि एकीचंही उत्तर नाही? लगेच खचून जाऊ नका. तुमच्यात काही कमी आहे असं नाही. कदाचित तिकडच्या पद्धतीत तुमचा कागद बसतच नसेल.

जर्मनीत सीव्हीला ‘लेबेन्सलाउफ’ म्हणतात. म्हणजे आयुष्याचा प्रवास! मांडणी तक्त्यासारखी. डावीकडे महिना-वर्ष, उजवीकडे तेव्हा काय करत होतात ते. सगळ्यात ताजं सगळ्यात वर. फ्रेशर असाल तर एक पान, फार तर दोन. वडिलांचं नाव, धर्म, जात यांना सुट्टी. फोटोची सक्ती नाही, तरी अनेक जण लावतात. ब्रिटन-अमेरिकेसाठी मात्र फोटो आणि जन्मतारीख दोन्ही काढा.

मार्कांचीही गंमत आहे. तिथे 1 ही सर्वोत्तम ग्रेड आणि 4 म्हणजे काठावर पास. त्यामुळे नुसतं ‘8.2’ लिहिलंत तर समोरचा गोंधळेल. ‘10 पैकी 8.2’ असं लिहा.

आता नाजूक प्रश्न. ड्रॉप घेतला होता, वर्ष गेलं, ते कसं लपवायचं? लपवू नका. तारखा ओळीने असल्यामुळे मधली रिकामी जागा लगेच दिसते. त्या काळात घरचं दुकान सांभाळलं, आजारी आजीजवळ राहिलात, जर्मनचा क्लास केला, जे खरं असेल ते एका ओळीत लिहा. भाषेचंही तेच. ए1 झालं असेल तर ए1च लिहा. बी1 ठोकून दिलंत, तर मुलाखतीत दोन वाक्यांत पितळ उघडं पडेल.

सोबतचं पत्र म्हणजे ‘आन्श्राइबेन’. तेही एकच पान. ‘रिस्पेक्टेड सर’ नको. जाहिरातीत संपर्कासाठी नाव दिलेलं असेल, तर त्या व्यक्तीच्या आडनावाने सुरुवात करा. हीच नोकरी का, त्यासाठी मी काय केलंय आणि कधीपासून येऊ शकतो, एवढंच सांगा. ‘मी खूप मेहनती आहे’ हे सगळेच लिहितात. ‘फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये मोटरचं तापमान मोजणारं सर्किट केलं, त्यातलं प्रोग्रॅमिंग माझं’ हे फक्त तुम्हीच लिहू शकता.

आणि हो, अर्जाआधी ‘अनाबिन’ या जर्मन डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधा. ते फुकट आहे. त्यासाठी एजंटला पैसे मोजायची गरज नाही.

पन्नास अर्ज फॉरवर्ड करण्यापेक्षा पाच नीट लिहा. वेळ लागेल, पण त्यात तुम्ही दिसाल.